विद्याश्रीची सोमवारची पत्रं

गडहिंग्लज
सोमवार, १४ सप्टेंबर १९९८

प्रिय संगमेशआण्णा,

तुझं कार्ड पोचलं. मेसची आमटी पातळ झाली हे वाचून अव्वाचा जीव वरखाली होतोय, शेवटी तुझी मावशीच ती. "माझ्या बहिणीचं पोर तिकडं पाणी पितंय की!" म्हणते. शेंगदाण्याची चटणी कुणाबरोबर तरी पाठवते.

कोल्हापूरच्या खोलीत टीव्ही नाही म्हणून मी काय काय बघितलं ते लिही, असं तू म्हणालास. बघणं हेच आता माझं काम झालंय. बारावीनंतर आप्पांनी कापडदुकानात बसवलं. तिथं फळीवर चौदा इंची टीव्ही आहे. गिऱ्हाईक लुगडी बघतं, मी टीव्ही बघते.

रविवारी दुपारी 'वज्रकेतू' लागतो. हा माणूस उडतो, पूल उचलतो, पडणारं विमान खांद्यावर घेतो. आणि एरवी काम काय, तर एका उंच इमारतीत लिफ्ट चालवतो! ज्याला उडता येतं तो दिवसभर स्टुलावर बसून दुसऱ्यांना वर नेतो, खाली आणतो. "काय रे, झोपलास का?" म्हणून साहेब खेकसतात, तेही ऐकून घेतो. लोकांना त्याचं उडणं आवडतं. मला त्याचं बटण दाबणं आवडतं. अव्वाचा प्रश्न वेगळाच. "एवढं चिखलात लोळतंय, अन् अंगरखा पांढरा फेक. धुतंय कोण त्याचं?" खरंच की. राक्षस सगळ्यांना दिसतो, धुणं कुणालाच दिसत नाही.

गुरुवारी संध्याकाळी ती जपानी मालिका, 'किनु'. रंगाऱ्याच्या घरात सून म्हणून आलेली पोर. सगळं हिंदीत बोलतात, पण तोंडं जपानीत हलतात. सासूचं तोंड मिटलं तरी शब्द येतच राहतात. शेजारची सुमन म्हणते, हे बघवत नाही. मला काही वाटत नाही. आमच्याही घरात आप्पांचा राग कानडीत असतो आणि माया मराठीत. तोंड एक बोलतं आणि घर दुसरंच ऐकतं, ह्याची मला सवय आहे.

शनिवारी सकाळी मोठ्या डोळ्यांची जपानी कार्टून पोरगी. पण तिचं पुढच्या वेळी. गिऱ्हाईक आलंय.

तुझी,
विद्या


कोल्हापूर
२० सप्टेंबर १९९८

चि. विद्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं, एकदा मनात आणि एकदा मोठ्यानं. माझ्या खोलीतला ज्ञानू धुण्याच्या गोष्टीवर एवढा हसला की मालकीणबाई वर आल्या. ज्ञानू शाहूवाडीकडचा, इथं फौंड्रीत आहे.

'दिवटी'च्या छापखान्यात माझं प्रुफं तपासायचं काम बरं चाललंय. साप्ताहिक लहान असलं तरी संपादक गणपतराव माणूस मोठा. अंक मात्र तुला पाठवत नाही. त्यात नुसत्या कारखान्याच्या निवडणुका असतात, तुला कंटाळा येईल.

तू मात्र दर आठवड्याला लिही. आणखी लांब लिही. मावशी काय म्हणाली, काका काय म्हणाले, तेही घाल. ह्या पाकिटात दहा पाकिटं ठेवलीत, तिकीट लावून, छापखान्याचा पत्ता घालून. सोमवारी टाकलंस की बुधवारी मला मिळतं. गुरुवारपेक्षा उशीर करू नकोस.

तुझा,
संगमेश


गडहिंग्लज
सोमवार, २ नोव्हेंबर १९९८

प्रिय आण्णा,

सहावं पाकीट. तू म्हणतोस म्हणून सोमवारी दुकान उघडल्या उघडल्या लिहायला बसते. आप्पा म्हणतात, "सुम्म कूड, जरा गप्प बसत जा की, काय सारखं खरडत असतीस?" पण वहीची पानं तेच आणून देतात.

गुरुवारी किनुनं पहिल्यांदा स्वतःच्या हातानं निळा रंग केला. सासूनं कापड उन्हात धरलं, उलटलं, वास घेतला आणि काही न बोलता दोरीवर टाकलं. बस्स. शाबासकी नाही, काही नाही. पण तिनं ते स्वतःच्या कापडांच्या ओळीत टाकलं, आण्णा. आप्पा कातरी हातात धरून बघत उभे होते. म्हणाले, "म्हातारी पास झाली म्हणाली बघ." कापडवाल्याला कापडवाल्याची भाषा कळते. मला रडू आलं, ते मी गिऱ्हाइकाला हिशेब चुकवून लपवलं.

एक विचारायचं होतं. हे असलं लिहिणं कुणी छापेल का रे? हसू नकोस. मला वाटतं, दुकानात बसणाऱ्या खूप बायका हे बघत असतील आणि त्यांनाही काही ना काही वाटत असेल. तू छापखान्यात आहेस, तुला कळेल.

विद्या


कोल्हापूर
९ नोव्हेंबर १९९८

चि. विद्या,

खरं सांगू का, घरी लिहिणं वेगळं आणि छापायचं लिहिणं वेगळं. तुझी पत्रं गोड आहेत, पण घरगुती आहेत. अव्वा, आप्पा, गिऱ्हाईक हे छापील मजकुरात शोभत नाही. छापून आलं की लोक नावं ठेवतात. मुलीच्या जातीला नसता ताप. तू मला लिहीत जा, मला पुरे आहे.

आणखी दहा पाकिटं पाठवतोय.

संगमेश


गडहिंग्लज
सोमवार, ११ जानेवारी १९९९

प्रिय आण्णा,

आज कुठल्याच मालिकेबद्दल लिहीत नाही. तुला न सांगता मी एक केलं, आणि त्याचं फार वाईट झालं.

तू नको म्हणालास तरी माझ्या मनातनं जाईना. म्हटलं, तुझ्याच 'दिवटी'ला पाठवावं आणि छापून आलं की तुला चकित करावं. प्रुफं तपासताना अचानक माझं नाव दिसेल, तुझं तोंड कसं होईल, हे मनात आणून मी एकटीच हसत होते. किनुच्या निळ्या कापडाबद्दल तुला लिहिलं होतं, ते आठवून आठवून पुन्हा लिहिलं आणि डिसेंबरात पाठवलं.

गणपतरावांचं उत्तर आलं. तसंच्या तसं उतरवते. "आपला मजकूर आमचे स्तंभलेखक 'टेहळ्या' यांच्या दि. ७ नोव्हेंबरच्या लेखाची उघड नक्कल आहे. दुसऱ्याच्या कष्टावर नाव मिळवण्याचा हा मार्ग सोडावा."

एवढ्यावर थांबलं नाही. २ जानेवारीच्या अंकात चौकट आली. 'वाचकहो, सावध' असा मथळा, आणि खाली माझं नाव, गाव. इथल्या वाचनालयात 'दिवटी' नव्या वर्षापासून येतो. केरबा ग्रंथपालांनी अंक टेबलावर ठेवला, आणि दुपारपर्यंत बाजारपेठेत झालं. एक बाई लुगडं बघताना म्हणाली, "ह्योच रंग पायजे असं न्हाय, दुसऱ्याचा बघून केलेला चालंल." बाकीच्या हसल्या. ती गेल्यावर आप्पांनी टीव्हीवर पोतं टाकलं.

मी केरबांकडे जाऊन मागचे अंक मागितले. त्यांनी ओळखीच्या माणसाकडनं मागवून दिले. वाचनालयात बायकांच्या बाकावर बसून वाचले. आण्णा, त्यात लिफ्टचं बटण आहे. अव्वाचं धुणं आहे, फक्त 'आमच्या शेजारच्या आजी' म्हणून. राग कानडीत आणि माया मराठीत, हेही आहे. मला वाटलं मला वेड लागतंय. क्षणभर असंही वाटलं की मीच कुठंतरी वाचलं असेल आणि विसरले असेन. चोर म्हटल्यावर माणूस आधी स्वतःचेच खिसे तपासतो.

पण मग कळलं. माझी पत्रं कुणीतरी वाचतंय. तुझ्या खोलीतलं नाहीतर छापखान्यातलं. तू भोळा आहेस, पत्रं ठेवतोस त्या ट्रंकेला कुलूप लावत नाहीस. तुझ्या पाठीमागं कोण काय करतंय ते बघ. आणि स्वतःला जप, उद्या तुझ्यावरही आळ येईल.

मी तोंड वर करून दुकानात बसू शकत नाही.

विद्या


कोल्हापूर
१५ जानेवारी १९९९

चि. विद्या,

पत्र वाचून सुन्न झालो. तू म्हणतेस तसंच काहीतरी असणार. टेहळ्या कोण हे छापखान्यात कुणालाच माहीत नाही, मजकूर बंद पाकिटात येतो. खोलीत आम्ही दोघंच. कुणाचं नाव घ्यायला नको वाटतं, पण ट्रंक उघडी असते आणि ज्ञानूची पाळी बदलती. दिवसा तो एकटाच खोलीवर असतो. ह्यापेक्षा जास्त मी काय लिहू?

तू गप्प राहा. लोक चार दिवसांत विसरतात. गणपतरावांना काही लिहू नकोस, त्यानं वाढेल.

संगमेश


गडहिंग्लज
सोमवार, १ फेब्रुवारी १९९९

संगमेशआण्णा,

तुझं पत्र आप्पांच्या हाती लागलं. मी दाखवलं नव्हतं. त्यांनी ज्ञानूचं नाव वाचलं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं कोल्हापूरला गेले. पुढचं तुला माहीत आहे, तू तिथंच होतास. मला आप्पांनी सांगितलं ते मी लिहिते.

ते म्हणाले, छापखान्यात जायचं होतं, पण तू म्हणालास गणपतराव परगावी गेलेत. मग तू त्यांना खोलीवर नेलंस. ज्ञानू नुकताच कामावरनं आला होता, तोंडाला काळं तसंच. आप्पांनी विचारलं, "माझ्या पोरीची पत्रं चोरतोस व्हय रं?" आणि त्यानं काही बोलायच्या आत दोन थोबाडात दिल्या. जिन्यात माणसं जमली. त्यानं हात उचलला नाही. एवढंच म्हणाला, "मामा, मला वाचाय येत न्हाय. संगू वाचून दावतोय, तेवढंच मी ऐकतोय."

आप्पा म्हणाले, "बघ कसं खोटं बोलतंय." पुन्हा मारणार होते, पण मालकीणबाई मधे पडल्या. तुझ्याबद्दल आप्पा म्हणाले, "पोरगं बिचारं खाली मान घालून हुबं होतं. दोस्तानं दगा दिल्यावर काय बोलंल?"

ते समाधानानं घरी आले. टीव्हीवरचं पोतं काढलं. लेकीला बदनाम करणाऱ्याला हिसका दाखवला म्हणून अव्वानं त्यांना गोड करून घातलं. मी ताटावर बसले होते.

मला आठवलं, पहिल्याच पत्रात तू लिहिलं होतंस, मोठ्यानं वाचलं आणि ज्ञानू हसला.

आण्णा, ज्याला वाचता येत नाही त्यानं माझी पत्रं कशी चोरली?

मी अजून घरात कुणाला बोलले नाही. तुझ्या तोंडनं ऐकेपर्यंत बोलणार नाही.

विद्याश्री


कोल्हापूर
८ फेब्रुवारी १९९९

विद्या,

टेहळ्या मी आहे.

हे एक वाक्य लिहायला पाच दिवस लागले. आता सुरुवातीपासून काय काय केलं ते सांगतो. सबब म्हणून नव्हे, तुला कळायला हवं म्हणून.

सप्टेंबरात आमचा सिनेमाचं पान लिहिणारा माणूस सोडून गेला. गुरुवारी चार वाजता पान रिकामं. गणपतराव डोकं धरून बसले होते. तुझं पत्र माझ्या खिशात होतं. म्हटलं, एकदाच. नावं बदलली, मावशीची आजी केली आणि दिलं. शनिवारी अंक निघाला आणि संध्याकाळपर्यंत गावातल्या लोकांच्या चिठ्ठ्या आल्या. गणपतरावांनी सगळ्यांदेखत माझ्या पाठीवर हात ठेवला. "तीन वर्षं ह्या पोराला आपण स्वल्पविराम तपासायला बसवला," म्हणाले. विद्या, माझ्या पाठीवर असा हात कुणी ठेवला नव्हता. तो मी काढून टाकायला हवा होता. त्याऐवजी तुला पाकिटं पाठवली.

तू छापायचं विचारलंस तेव्हा मी लिहिलं की तुझं लिहिणं घरगुती आहे. त्याच आठवड्यात एका कॉलेजात मी टेहळ्या म्हणून भाषण केलं होतं आणि म्हणालो होतो, लिहिणं घरगुतीच हवं. टाळ्या पडल्या.

आता सगळ्यात वाईट ते. 'वाचकहो, सावध' ही चौकट छापण्याआधी माझ्याच टेबलावर आली होती. प्रुफं मीच तपासतो. तुझं नाव ओल्या शाईत माझ्यासमोर होतं. खिळे जुळवणाऱ्यानं 'श्री' ऱ्हस्व लावली होती. मी लाल पेन्सिल घेतली, ती दीर्घ केली, समासात खूण केली आणि कागद पुढं सरकवला. चौकट काढा म्हणायला एक शब्द पुरला असता. मी वेलांटी दुरुस्त केली. गेला महिनाभर डोळे मिटले की तो माझा हात दिसतो, किती सरावानं चालला होता तो.

ज्ञानूचं तर तुला कळलंच आहे. काकांनी त्याला मारलं तेव्हा मी दोन हात अंतरावर उभा होतो. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी सांगेन म्हणून वाट बघितली आणि मी सांगत नाही म्हटल्यावर तोही गप्प बसला. माणसं गेल्यावर मी काही बोलणार, तोवर त्यानं अंथरूण उचललं. "फौंड्रीत झोपतो," म्हणाला. दारातनं वळला. "संगू, त्या पोरीला सांग. माझं सोड, तिला सांग." एवढं बोलून गेला.

काल गणपतरावांच्या घरी गेलो आणि तुझी सगळी पत्रं त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी चष्मा लावून एकूणएक वाचली. त्यांच्या सूनबाईनं चहा आणला, तो निवला. शेवटी म्हणाले, "चोरलंस ते एक वेळ समजंल मला, पोटात भूक असती माणसाच्या. पण तिला चोर म्हणून छापताना तू तपासून दिलास. माझ्या हातनं तिच्या तोंडाला काळं फासलंस. उद्यापासून येऊ नको." मी उठलो तेव्हा म्हणाले, "माफी मीबी मागणार हाय. न विचारता छापलं, ही चूक माझी."

येत्या अंकात पहिल्या पानावर माफी येईल, माझ्या पूर्ण नावानं. मजकूर त्यांनी माझ्याकडनं लिहून घेतला आणि दोनदा परत केला. "दिलगीर हाय म्हणजे काय? चोरलं असं लिही," म्हणाले. तसं लिहिलं.

आज फौंड्रीच्या दारात ज्ञानूला भेटलो, त्याच्या पाळीच्या सगळ्या माणसांसमोर सांगितलं. तो म्हणाला, "बरं." माझ्याबरोबर चहाला आला नाही.

काकांना आणि मावशीला हे पत्र तू वाचून दाखव. दाखवायचं नसेल तर मी येऊन सांगतो. तू म्हणशील ते.

तुझी पत्रं रजिस्टर्ड टपालानं परत पाठवतोय. पंधरा आहेत. क्षमा मागत नाही. मागायला तोंड नाही.

संगमेश


गडहिंग्लज
शुक्रवार, १२ मार्च १९९९

आण्णा,

उत्तराला महिना लागला. राग होता म्हणून नव्हे. कुणाला लिहायचं तेच कळत नव्हतं.

तुझं पत्र मी घरात मोठ्यानं वाचलं. अव्वा मधेच उठून आत गेली आणि भांडी घासत बसली, घासलेलीच. आप्पा शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग आपला उजवा हात बघत बसले. दोन दिवस त्या हातानं कापड फाडलं नाही, नोकराला सांगायचे. तिसऱ्या दिवशी टोपी घातली आणि एकटेच कोल्हापूरला गेले. ज्ञानूला भेटले. काय बोलले ते सांगत नाहीत. एवढंच सांगितलं की त्यानं त्यांना बसायला पोतं अंथरलं. हे सांगताना आप्पांनी टोपी काढून तोंड पुसलं. आप्पांना मी कधी असं बघितलं नव्हतं, आण्णा. जी लाज तुझी होती ती त्यांनी उचलली, आणि ती त्यांना पेलत नाही.

माफीचा अंक केरबांनी फळ्यावर लावला, जाणाऱ्या-येणाऱ्याला बोलावून दाखवला. पण खरं सांगते, चोरीची चौकट जेवढ्यांनी वाचली तेवढ्यांनी माफी वाचली नाही. ती लुगडंवाली बाई परवा आली होती. तिनं मला आणखी दहा रंग काढायला लावले आणि काही न बोलता दोन लुगडी घेऊन गेली. तिला माहीत आहे की नाही, कुणास ठाऊक.

तुला वाटत असेल, मी सगळ्यात जास्त कशासाठी रडले. चौकटीसाठी नव्हे. चोरलंस म्हणूनही नव्हे. तू 'घरगुती' म्हणालास आणि मी ते खरं मानलं, त्यासाठी रडले. त्यानंतरची सगळी पत्रं मी जरा भीतभीत लिहिलीत. परत आलेली वाचली तेव्हा दिसलं. नोव्हेंबरानंतर अव्वा त्यांत बोलतच नाही. तूही ते नुसतं छापत गेलास, तुला कळलंसुद्धा नाही.

गणपतराव स्वतः इथं आले होते. दुकानात खाली सतरंजीवर बसले. आप्पांची माफी मागितली, माझी मागितली. दर आठवड्याला लिहाल का म्हणून विचारलं. मी म्हटलं, लिहीन, पण माझ्या नावानं, आणि माझी अव्वा अव्वाच राहील. ते हो म्हणाले. दोन लेख पाठवले, दोन्ही छापून आले. तुला वाटेल, मग झालं की सगळं बरं. तसं नाही. आधी टीव्ही बघताना वाटायचं, हे आण्णाला सांगायचं. एक माणूस डोळ्यांपुढं असायचा. आता कोण असतं ते मला दिसत नाही. माझं लिहिणं मला परत मिळालं, आण्णा. पण ज्याला लिहीत होते तो माणूस परत मिळाला नाही, आणि मला तो शोधायला कुठं जायचं तेही कळत नाही.

तू क्षमा मागितली नाहीस ते बरं केलंस. मागितली असतीस तर मी लगेच दिली असती, माझा स्वभाव तसा आहे, आणि मग ती खोटी झाली असती.

तू कुरुंदवाडला दुसऱ्या छापखान्यात लागलास असं मोठ्या मावशीच्या पत्रातनं कळलं. अव्वा म्हणते, बसव जयंतीला जेवायला ये. आप्पा काही म्हणत नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. आलास तर आधी ज्ञानूला भेटून ये. चहाला बोलावू नकोस. त्याच्याशेजारी जाऊन नुसता बस.

बुधवारपासून एक नवीन मालिका सुरू झालीय, चीनची. मी पहिला भाग बघितला. तिच्याबद्दल मला काय वाटलं ते तुला इथं लिहीत नाही. पुढच्या शनिवारी छापून येईल. अंक विकत घे आणि वाच.

विद्याश्री